अर्धी मिशी उडाली! रविवारी स्पर्धा आहे, उरलेली अर्धी कापू की ठेवू?

बोरिवलीची_आई | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. तीन वर्षं रोमात (नुसतं वाचत) आहे, आज गरज पडली म्हणून पहिलाच धागा. चूभूद्याघ्या.

माझी मुलगी (वय १४) दोन वर्षांपासून महालक्ष्मीच्या बाजूला घोडेस्वारी शिकते. पहाटेची लोकल, मग शाळा, असा आमचा दिनक्रम. घोडा तिचा नाही, क्लबचा आहे. रेसमधून निवृत्त झालेला थरोब्रेड, ११ वर्षांचा, कुमैत रंगाचा. कागदावरचं नाव भारदस्त आहे, पण पागेत सगळे त्याला गुलकंद म्हणतात.

येत्या रविवारी तिची पहिली ड्रेसाज स्पर्धा (घोड्याकडून ठरलेल्या चाली परीक्षकासमोर करून घ्यायच्या, त्याचे गुण). आज संध्याकाळी सईसमामांनी (घोड्यांची देखभाल तेच करतात) गुलकंदला धुतलं, खरारा केला, शेपूट विंचरली. मग खिशातून दाढीचं दोन पात्यांचं रेझर काढून त्याच्या तोंडावरचे लांब केस साफ करायला घेतले. डावी बाजू गुळगुळीत झाली तेवढ्यात मुलगी बादली घेऊन आली आणि किंचाळली. तिने कुठेतरी वाचलं होतं की हे केस कापले तर घोड्याला स्पर्धेत उतरू देत नाहीत. मामा म्हणाले, "अगं, नवरदेव करतोय त्याला! तीस वर्षं करतोय." मग रुसून निघून गेले. तिचे प्रशिक्षक गावाला आहेत, फोन लागत नाही.

आता गुलकंदला उजवीकडे झुपकेदार मिशा आहेत नि डावीकडे काहीच नाही. दुसरी बाजू कापून निदान सारखं दिसेल असं करू का? की आहे तसंच ठेवू? खरंच असा नियम आहे का? मुलगी रडून झोपली आहे.

रविवारचा_पंटर | सोमवार, रात्री १०:३१

परीक्षक ज्या बाजूला बसतील तिकडे मिशीवाली बाजू ठेवायची. सोप्पं! (दिवे घ्या.)

तोबरा | सोमवार, रात्री १०:५०

पंटरभाऊ, ड्रेसाजमध्ये सगळं दोन्ही अंगांनी करावं लागतं. डावं वर्तुळ झालं की उजवं. शिवाय सुरुवातीला आणि शेवटी सलाम ठोकायला घोडा परीक्षकासमोर सरळ उभा राहतो. लपवायला जागाच नाही.

आई, सगळ्यात आधी: दुसरी बाजू कापू नका. मामांना आणि रेझरला चार दिवस एकमेकांपासून लांब ठेवा.

नियम खरा आहे. एफईआय म्हणजे घोडेस्वारीची आंतरराष्ट्रीय महासंघटना, मुख्यालय लोझानला. त्यांच्या २०२० च्या आमसभेत हे मंजूर झालं आणि १ जुलै २०२१ पासून लागू झालं. घोड्याचे स्पर्श जाणणारे केस कापलेले, भादरलेले किंवा कसेही काढलेले असतील तर त्याला त्यांच्या स्पर्धेत भाग घेता येत नाही. सूट दोनच. एखादा केस घोड्याला टोचत असेल, दुखवत असेल, तर तो एक केस पशुवैद्याने काढलेला चालतो. आणि उपचारासाठी एखादी जागा भादरावी लागली तर तेही चालतं. "सईसाने हौसेने काढले" ही सूट यादीत नाही, दुर्दैवाने.

पण तुमची स्पर्धा एफईआयची आहे का? असायची शक्यता कमी वाटते. आपल्याकडच्या स्थानिक स्पर्धांच्या माहितीपत्रकात बहुतेक वेळा "अमुक नियम लागू" अशी एक ओळ असते. ती शोधा. नाही कळलं तर आयोजकांना उद्या सकाळीच ईमेल करा, फोटोसकट. रविवारी सकाळी गेटवर कळण्यापेक्षा मंगळवारी कळलेलं बरं.

सेवानिवृत्त_दफेदार | सोमवार, रात्री ११:२०

धागा वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. मामांची बाजू घेतो.

आमच्या वेळी घोड्याच्या तोंडावर एक खुंट दिसला तरी सईसाला नाही, स्वाराला झापायचे. साहेब पांढरा हातमोजा घालून यायचे. नाकपुडीच्या कडेवरून बोट फिरवायचे, हनुवटीखालून फिरवायचे. कान आतून कोरलेले, मिशा साफ, जबडा आरशासारखा. ते झालं की घोडा "तयार". मामा ज्या कोणाकडून शिकले असतील, तो माणूस अशाच कुठल्या तरी पागेतून आला असणार. त्यांनी चूक केली नाही, त्यांनी जुन्या परीक्षेचा पेपर सोडवला.

बाकी एवढं खरं की भादरताना घोडे कधी खूश नसायचे. काहींच्या वरच्या ओठाला दोरीचा फास पिळून धरावं लागायचं. तेव्हा वाटायचं खोडकर आहेत.

परळचा_गुरांचा_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ७:०५

नावात गुरं असली तरी घोडेही पाहतो. (परळचं आमचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ चं, तेव्हा मुंबईत मोटारी नव्हत्या. घोडा हाच मुख्य पेशंट असणार!)

दफेदारसाहेबांच्या शेवटच्या वाक्यावरून सुरुवात करतो. हे केस म्हणजे अंगावरच्याच केसांची लांब आवृत्ती, असा समज आहे. तसं नाही. पुस्तकात यांना व्हायब्रिसी म्हणतात, आपण स्पर्शकेस म्हणू. अंगावरचा केस कातडीत उथळ रुजलेला असतो. स्पर्शकेस जाड, ताठ आणि खोल रुजलेला. त्याच्या मुळाभोवती रक्ताने भरलेली एक बारीक पिशवी असते आणि तिच्या भिंतीत मज्जातंतूंची टोकं दाटीने असतात. केसाच्या टोकाला गवताची काडी जरी लागली तरी केस तरफेसारखा मुळाशी हलतो आणि मेंदूला खबर जाते. मांजराच्या मिशा आठवा, तीच योजना.

आता घोड्याला याची एवढी गरज का? त्याचे डोळे प्रचंड मोठे आणि डोक्याच्या दोन बाजूंना. साधारण ३५० अंशांतलं त्याला दिसतं, आपल्याला स्वप्नातही दिसणार नाही इतकं. पण थेट नाकाखालचं दिसत नाही. म्हणजे जे तोंडात घालतोय तेच नेमकं दिसत नाही. चंदीत औषधाची गोळी लपवून पाहिलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे: चणे संपतात, कोंडा संपतो, तोबऱ्याच्या तळाशी गोळी शाबूत. हे काम ओठ आणि हे केस मिळून करतात. गव्हाण किती लांब, बादलीची कड कुठे, खिळा कुठे, अंधारात भिंत कुठे, सगळं तिथूनच. डोळ्यांभोवतीही असे लांब केस असतात, काडी-काटा डोळ्यात जाण्याआधी पापणी मिटते ती त्यांच्यामुळे.

शिंगरू पोटात असतं तेव्हा अंगावरच्या लवेच्या आधी हे केस उगवतात. नुकतं जन्मलेलं शिंगरू पाहिलंय का? मिशा कुरळ्या असतात, आजोबांसारख्या. निसर्गाने जे आधी दिलं ते आपण आधी काढतो.

एक स्पष्ट करतो, कारण भावनेच्या भरात काहीही लिहिलं जातं: कापताना घोड्याला दुखत नाही. केस मेलेलाच असतो. उपटला तर मात्र दुखतं. कापल्याने होतं ते एवढंच की पुन्हा वाढेपर्यंत त्याला तोंडाजवळच्या जगाची माहिती कमी मिळते. गुलकंद आजारी वगैरे पडणार नाही, मुलीला सांगा. पाण्याची बादली आणि गव्हाण रोजच्या जागी ठेवा, नवीन ठिकाणी नेऊन बांधू नका. केस परत येतात.

नीलपक्षी | मंगळवार, सकाळी ९:४०

डॉक्टर, सुंदर प्रतिसाद. वाचनखूण साठवली आहे.

शंकासुर | मंगळवार, दुपारी १:१५

मला एक कळत नाही. तोंडात लोखंड घालायचं, पायात खिळे ठोकायचे, पाठीवर पन्नास किलोचं पोर बसवून त्याला गोल गोल फिरवायचं, हे सगळं चालतं. आणि मिशीला हात लावला की प्राणिप्रेम उफाळून येतं? मुंबईत लाखो लोकांना प्यायला पाणी नाही आणि आपण घोड्याच्या मिशीवर बंदी घालतोय.

परळचा_गुरांचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी २:५५

पाण्याचा मुद्दा वेगळ्या धाग्यावर घ्या, तिथे मीही भांडायला येईन.

लगाम-नालेचा मुद्दा योग्य आहे. नालेमुळे खूर झिजत नाही, लगामामुळे मुलगी रस्त्यावर फेकली जात नाही. ती चूक की बरोबर यावर वाद घालता येतो, कारण दुसऱ्या पारड्यात काहीतरी असतं. मिशा कापण्याच्या पारड्यात फक्त "छान दिसतं" एवढंच आहे. म्हणून हा नियम करणं तुलनेने सोपं गेलं असावं. जर्मनी, स्वित्झर्लंड, फ्रान्स यांच्याकडे तर एफईआयच्या आधीच बंदी होती. आणि लगामाच्या बाजूलाही हालचाल आहे: नाकपट्टी किती घट्ट बांधली आहे हे तपासायचं एक ठरावीक माप एफईआयने २०२५ मध्ये आणलं. त्याआधी "दोन बोटं जातात का बघा" हे चालायचं, आणि कोणाची बोटं, हा प्रश्न असायचा.

शंकासुर | मंगळवार, दुपारी ३:२०

"कोणाची बोटं" हे पटलं. बाकी राखून ठेवतो.

माथेरानी | मंगळवार, रात्री ८:००

आमच्याकडे गाड्यांना बंदी, म्हणून घोडाच टॅक्सी. आमच्या घोड्यांच्या मिशा कोणी कापत नाही, कारण वेळ कोणाला आहे? लाल मातीने त्या तांबड्या होतात एवढंच. पण रात्री उशिरा उतरताना, दिवे नसतात तिथे, जनावर मान खाली घालून वाट हुंगत चालतं ते पाहिलंय. हुंगतंय असं वाटायचं. डॉक्टरांचं वाचून वाटलं, चाचपतही असेल.

रविवारचा_पंटर | मंगळवार, रात्री ८:२५

मग रेसच्या घोड्यांचं काय? मुंबईचा सीझन चालू आहे, पॅडॉकमध्ये (रेसआधी घोडे फिरवून दाखवतात तिथे) सगळे चकाचक असतात.

तोबरा | मंगळवार, रात्री ९:१०

रेस एफईआयच्या कक्षेत येत नाही. त्यांच्याकडे ड्रेसाज, शो जंपिंग (अडथळ्यांवरून उड्या), इव्हेंटिंग (ड्रेसाज, मोकळ्या रानातली दौड आणि उड्या, तिन्ही मिळून), एंड्युरन्स (लांब पल्ल्याची दौड) असे प्रकार. गुलकंद रेसमधून आलाय म्हणजे आयुष्याची पहिली काही वर्षं तो वेगळ्या नियमांत वाढला. मामांचंही तसंच असेल.

अवांतर: नियम लागू झाला १ जुलै २०२१ ला आणि त्याच महिन्याअखेर टोकियोत फवाद मिर्झा इव्हेंटिंगला उतरला. एकवीस वर्षांनी ऑलिंपिकमध्ये भारताचा घोडेस्वार! त्याआधीचा, २००० चा इम्तियाज अनीस. म्हणजे फवादच्या घोड्याला, सेन्यॉर मेडिकॉटला, मिशा होत्या, नियमानेच. २०२३ ला हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं, १९८२ नंतरचं घोडेस्वारीतलं पहिलं. त्या चौघांतला हृदय छेडा आपल्या मुंबईचा. तुमच्या लेकीला त्या घोड्यांच्या तोंडाचे जवळून घेतलेले फोटो दाखवा. आणि मामांनाही.

बोरिवलीची_आई | बुधवार, रात्री १०:४०

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन बातम्या.

एक. आज मी स्वतः सुट्टी काढून पागेत गेले. मामांना चहा दिला आणि मोबाइलवर हांगझोऊचे फोटो मोठे करून दाखवले. त्यांनी चष्मा लावून पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाले, "सोन्याचं पदक आणि दाढी केली नाही?" मी डॉक्टरांचं थोडं समजावून सांगितलं. त्यावर त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं: "ताई, चार वर्षं झाली म्हणता नियमाला, तर मला कोणी सांगितलं का नाही?"

खरंच कोणी सांगितलं नाही. मी मागे जाऊन शोधलं. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या वर्षी एक इंग्रजी पीडीएफ आली होती, आम्ही सगळ्यांनी अंगठा दाखवून सोडून दिली होती. त्या ग्रुपवर एकही सईस नाही. घोडं इथेच पेंड खातंय. नियम आमच्या फोनमध्ये आणि रेझर मामांच्या खिशात.

मग मामा आपणहून म्हणाले की कालपासून गुलकंद बादलीत तोंड घालताना डावीकडून एकदा कडेला आपटतो, मग सरकतो. आधी असं नव्हतं म्हणे. मी पाहिलं तेव्हा एकदा आपटला, दोनदा नाही. डॉक्टर, हे त्यामुळेच का?

दोन. आयोजकांचं उत्तर आलं. आमचा वर्ग स्थानिक आहे, पण पत्रकात "एफईआयचे नियम, जिथे लागू" असं लिहिलंय. परीक्षकांना विचारून सांगतो म्हणाले.

परळचा_गुरांचा_डॉक्टर | गुरुवार, सकाळी ६:५०

असू शकेल, आणि तुम्ही आता त्याच्याकडे टक लावून पाहताय म्हणूनही वाटू शकेल. एका घोड्याच्या एका बादलीवरून मी काही सिद्ध करणार नाही. पण तीस वर्षं रोज त्याच जनावरांना पाणी पाजणाऱ्या माणसाच्या नजरेला मी माझ्या स्टेथोस्कोपाइतकीच किंमत देतो.

मामांचा प्रश्न मात्र नोंदवून ठेवावा असा आहे.

सेवानिवृत्त_दफेदार | गुरुवार, सकाळी ८:१५

पागेच्या दारावर मराठीत आणि हिंदीत एक कागद चिकटवा. चित्रासकट. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीचा तक्ता असायचा, चंदी किती शेर तेही.

बोरिवलीची_आई | गुरुवार, सकाळी ८:३०

करते! पण मग नक्की काय कापायचं नि काय नाही ते सांगा. मामा म्हणतात "मग काहीच करायचं नाही का? भूत दिसेल."

तोबरा | गुरुवार, सकाळी ११:००

भूत दिसणार नाही. मामांना बरंच काम उरतं.

ओळखायचं असं: नाकपुड्या, ओठ, हनुवटी आणि डोळ्यांच्या वर-खाली जे सुटे, ताठ, लांब, एकेकटे उभे केस दिसतात, ते स्पर्शकेस. हात नाही लावायचा. जबड्याच्या कडेने, गालाखाली जी मऊ, दाट दाढी लोंबते (थंडीत जरा जास्त), ती अंगावरच्याच केसांची. ती कापता येते. मशीन नको, कात्रीने, केसांच्या दिशेने, थोडी थोडी. मी तर जुना कंगवा धरून त्यावरून कापते, न्हावी करतो तसं, नाहीतर पायऱ्या पडतात. हनुवटीच्या खळग्याजवळ आलात की थांबा, तिथे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात आणि घाईत घोळ होतो.

कान: आतले केस अजिबात नाही. मुंबईत माश्या-चिलटं काय कमी आहेत? कान हातात अलगद मिटून धरायचा आणि कडेच्या बाहेर जेवढे डोकावतात तेवढेच छाटायचे. कानामागे जिथे लगामाचा पट्टा बसतो तिथली आयाळीची चिंचोळी पट्टी काढतात, ती चालते. घोट्यामागचे झुपके चालतात.

बाकी मिशा स्वच्छ ठेवणं हेच खरं काम. ओल्या मऊ फडक्याने नाकपुड्या पुसायच्या, चंदीचा लगदा मिशांना वाळून चिकटलेला असतो तो भिजवून सोडवायचा, ओढायचा नाही. आणि प्रत्येक घोड्याचं फडकं वेगळं. आपल्या दमट हवेत एकाचा नायटा दहांना होतो.

नीलपक्षी | गुरुवार, दुपारी १२:३०

अगदी अवांतर: माझं माहेर नंदुरबारकडचं. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तिथे घोडा घेणारे आधी अंगावरच्या केसांचे भोवरे बघतात. गळ्यावर देवमण (शुभ मानलेला भोवरा) असलं की किंमत वाढते, भलत्या जागी भोवरा असला की गिऱ्हाईक पाठ फिरवतं. म्हणजे आपल्याकडे घोड्याच्या केसांकडे पाहायची परंपरा जुनीच, फक्त मिशांचा नंबर आत्ता लागला.

शंकासुर | गुरुवार, दुपारी १:०५

भोवऱ्यावरून किंमत! आता मी धागा सोडत नाही.

बोरिवलीची_आई | रविवार, रात्री ९:२०

आलो घरी. लांबलचक लिहिणार होते, पण पाय गेलेत.

परीक्षकांनी शनिवारी कळवलं: घोडा उतरवा, पण स्पर्धेबाहेर. गुण मिळतील, क्रमांक मिळणार नाही. मुलगी शनिवारभर बोलली नाही. "माझी काय चूक" असं एकदा म्हणाली. तिची खरंच नव्हती, मी तरी काय उत्तर देणार?

सकाळी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. गुलकंदचा जबडा तोबराताईंनी सांगितल्याप्रमाणे कंगव्यावरून कापलेला, उजवीकडच्या मिशा पुसून एकेक सुट्या केलेल्या. डावीकडे, विश्वास बसणार नाही, बारीक खुंट आलेत. मामा येईल त्याला बोट लावून दाखवत होते.

वॉर्मअपच्या आधी एक बाई घोडे तपासायला आल्या. गुलकंदचं तोंड पाहून थबकल्या. मी बोलायच्या आत मामाच पुढे झाले, "मी कापली, मॅडम. मला ठाऊक नव्हतं." त्या रागावल्या नाहीत. त्यांनी मामांना शेजारच्या घोड्याजवळ नेलं आणि डोळ्यावरचे केस दाखवले. मामांना ते माहीत नव्हते म्हणे, इतकी वर्षं तेही काढत होते. परत आले तेव्हा गप्प होते.

५८.४ टक्के. मधल्या दुडक्या चालीत एकदा गडबडला, बाकी छान. उतरल्यावर मुलगी म्हणाली, क्रमांक असता तर चौथा आला असता. म्हणजे आता रडू नाही, हिशेब चालू आहे. फेब्रुवारीत पुढची स्पर्धा.

तक्ता लावला. मराठी, हिंदी आणि मुलीने काढलेलं गुलकंदचं चित्र, मिशा लाल पेनाने. शेजारच्या दोन पागांतले सईस फोटो काढून घेऊन गेले.

सेवानिवृत्त_दफेदार | रविवार, रात्री ९:४५

५८ पहिल्या खेपेला उत्तम! मामांना माझा सलाम सांगा. स्वतःहून पुढे झाले, हे शिकवून येत नाही.

तोबरा | रविवार, रात्री ९:५८

त्या तक्त्याचा फोटो इथे टाका, मी पुण्यात आमच्या पागेत लावते.

रविवारचा_पंटर | रविवार, रात्री १०:१०

एक महत्त्वाचा प्रश्न राहिलाच. मामांना स्वतःला मिशा आहेत का?

बोरिवलीची_आई | रविवार, रात्री १०:२२

नाहीत. रोज पहाटे पागेतल्याच नळावर दाढी करतात, म्हणून तर रेझर खिशात असायचं. आजपासून ते माझ्या मुलीच्या हेल्मेटच्या कपाटात कुलपात आहे, दाढीपुरतं मागून घेतात.